जुन्या पडवीचे लाकूड आणि चार सुऱ्यांच्या मुठी

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घराची पुढची पडवी १० फेब्रुवारी २०२४ रोजी उतरवली. छपराचे पाणी कित्येक वर्षे एकाच कोपऱ्यात मुरत राहिल्याने तिथली भिंत खचली होती आणि दुरुस्तीपेक्षा पडवी नव्याने बांधणे स्वस्त पडेल, असे गवंड्याने सांगितले होते. उतरवलेल्या लाकडांत सागाची एक तुळई आणि खैराचा एक खांब होता. बाकीचे वासे आणि रिपा वाळवीने पोखरल्या होत्या. त्या पाणी तापवायच्या चुलीकडे गेल्या. त्याच दिवशी स्वयंपाकघर आवरताना आजीच्या हातच्या चार सुऱ्या आणि एक कोयती सापडली. पाती अजून उत्तम होती, पण मुठी कुजून गेल्या होत्या; एका सुरीला तर मूठ म्हणून चिंधीच गुंडाळलेली होती. या पात्यांना घराच्याच लाकडाच्या मुठी बसवाव्यात, असे त्या संध्याकाळी मनात आले आणि ते काम पूर्ण व्हायला जून महिन्याची अखेर उजाडली. सुतारकामाचा मला काहीही अनुभव नव्हता. असेच जुने लाकूड हाताशी असलेल्या, पण सुरुवात कुठून करावी हे न कळणाऱ्या कोणाला उपयोग व्हावा, म्हणून सगळा क्रम तारखांसह लिहीत आहे.

पहिला प्रश्न लाकूड पुण्याला नेण्याचा होता. तीन-चार हातांचे दोन तुकडे गाडीच्या डिकीत टाकून निघावे, असाच माझा विचार होता; चुलतभावाने अडवले. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ नुसार लाकडाच्या वाहतुकीचे नियम राज्य सरकार करते आणि वृक्षतोडीच्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत साग आणि खैर या दोन्ही झाडांची नावे आहेत. त्यातही खैरापासून कात निघत असल्याने त्याची चोरटी तोड होते, त्यामुळे तपासणी नाक्यावर खैराचा तुकडा दिसला की प्रश्न विचारले जाणारच. आमचे लाकूड घरातून निघालेले आहे हे आम्हाला ठाऊक होते, पण नाक्यावरच्या माणसाला ते कागदावरूनच कळणार होते.

१२ फेब्रुवारीला, सोमवारी, ग्रामपंचायतीतून घराच्या नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा आणि पडवी उतरवल्याचा दाखला घेतला. दोन्हींचे मिळून ४० रुपये झाले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी वनपरिक्षेत्र कार्यालयात गेले. लाकूड वाहतुकीच्या परवान्यासाठीच्या अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि सोबत उतारा, दाखला, आधारची प्रत, लाकूड घराचेच असल्याचे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र, तसेच पडवी उभी असतानाची आणि उतरवल्यानंतरची छायाचित्रे जोडली. पडवीचे जुने छायाचित्र केवळ योगायोगाने एका लग्नाच्या अल्बममध्ये मिळाले. घर उतरवण्यापूर्वी प्रत्येक खांब आणि तुळई जागेवर असताना तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे, कारण अर्जातील बाकी सगळे कागद नंतरही मिळतात, हा एकच पुरावा नंतर निर्माण करता येत नाही.

अधिकारी दौऱ्यावर होते, त्यामुळे अर्ज त्या दिवशी नुसता आवकेत नोंदवला गेला. मला पुण्याला परतावे लागले. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी होती. २१ तारखेला वनरक्षकांनी घरी येऊन लाकूड मोजले, पंचनामा केला आणि दोन्ही तुकड्यांच्या टोकांवर हातोड्याची निशाणी उठवली. परवाना २६ फेब्रुवारीला हातात आला. एवढ्याशा लाकडासाठी तेरा दिवस, असे मलाही त्या काळात वाटले आणि मध्येच सगळे सोडून द्यावे, असेही एकदा मनात आले होते. मात्र २ मार्चला कुंभार्ली घाटाने येताना कागद जवळ असल्यामुळे जो निर्धास्तपणा होता, त्याचे मोल त्या तेरा दिवसांपेक्षा मला जास्त वाटते. लाकडाचे प्रमाण, जात आणि जिल्हा यांनुसार कागदपत्रे बदलू शकतात, म्हणून लाकूड जागचे हलवण्यापूर्वी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

घरी आणल्यावर घाई न करणे, हेच पहिले काम होते. शंभर वर्षांचे लाकूड वाळलेलेच असणार, असा माझा समज होता. तो सागाच्या बाबतीत बराचसा खरा ठरला आणि खैराच्या बाबतीत चुकीचा, कारण खांबाचा खालचा भाग ओल्या जमिनीजवळ उभा होता. मी खांबाचा खालचा हातभर भाग सोडून दिला, उरलेल्याचे हातकरवतीने १५ सेंटिमीटरचे ठोकळे केले आणि ते गॅलरीत सावलीत, खाली पट्ट्या घालून, चहूबाजूंनी वारा लागेल असे ठेवले. ओलावा मोजण्याचे यंत्र विकत घेण्याची गरज पडली नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक ठोकळा तोलायचा आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहायचे, एवढे पुरेसे होते. खैराचा एक ठोकळा ३ मार्चला १,५१२ ग्रॅम होता, तो १४ एप्रिलला १,४६१ ग्रॅमवर येऊन थांबला; शेवटच्या दोन आठवड्यांत फरक दोन ग्रॅमच्या आत होता. सागाचा ठोकळा तेवढ्याच काळात ७८० वरून ७७१ ग्रॅमवर आला. वजन उतरायचे थांबले, म्हणजे लाकूड घरातल्या हवेशी जुळले. जे लाकूड मूठ झाल्यावर आटते, त्याच्या कडा पात्याच्या पोलादापेक्षा आत सरकतात आणि ते पोलाद हाताला टोचू लागते.

याच सहा आठवड्यांत लाकडातील लोखंड शोधले. जुन्या बांधकामातील लाकडात खिळे असतातच, पण त्यांची डोकी गंजून तुटलेली असली की डोळ्यांना काही दिसत नाही. जुन्या ध्वनिवर्धकातले लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक बाजूवरून हळूहळू फिरवले आणि जिथे ते ओढले गेले तिथे खडूची खूण केली. अकरा खिळे निघाले. त्यांतले सात हाताने घडवलेले, चौकोनी अंगाचे होते. ते मी जपून ठेवले आहेत. खिळ्याभोवतीचे लाकूड बोटभर निळसर काळे पडलेले असते, कारण लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी आणि ओलाव्याशी प्रक्रिया होते. खैरात हा डाग फार खोल गेला होता. डागाळलेला भाग कठीण वाटला तरी मी मुठीसाठी घेतला नाही. चुन्याचे आणि रंगाचे जुने थर मात्र घासून न काढता करवतीनेच कापून टाकावेत, कारण जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि घासले की त्याची धूळ थेट श्वासात जाते.

२० एप्रिलला ठोकळे घेऊन आरागिरणीत गेले. पहिल्या दोन ठिकाणी जुने लाकूड म्हटल्यावरच नकार मिळाला. एका खिळ्याने गिरणीच्या पट्टीकरवतीचे पाते तुटते आणि पाते जोरात बाहेर फेकले गेले तर माणसालाही इजा होते, त्यामुळे तो नकार रास्तच होता. तिसऱ्या ठिकाणी काढलेले खिळे दाखवले, लोहचुंबक त्यांच्यासमोर पुन्हा फिरवले आणि पाते तुटल्यास भरपाई देण्याचे कबूल केले, तेव्हा ३५० रुपयांत सगळे ठोकळे १० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांत कापून मिळाले. सागाच्या पहिल्याच कापात तुळईचा तपकिरी, काजळलेला पृष्ठभाग बाजूला पडला आणि आतून ताज्या लाकडासारखा सोनेरी रंग निघाला, वासही तसाच आला. त्या क्षणी मला माजघर, भाताची कणगी आणि आजी एकदम आठवली.

प्रत्येक पट्टीला कापताच क्रमांक द्यावा. एकमेकींना लागून कापलेल्या दोन पट्ट्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून पात्याच्या दोन बाजूंना लावल्या की रेषा जुळतात, आणि हवेतील बदलांना दोन्ही बाजू सारखाच प्रतिसाद देतात. रेषा मुठीच्या लांबीला समांतर आहेत, गाठ नाही, केसासारखी भेग नाही आणि टिचकी मारल्यावर आवाज भरीव येतो, एवढे पाहून मी आठ पट्ट्या निवडल्या, चार सागाच्या आणि चार खैराच्या.

सुऱ्यांच्या जुन्या मुठी काढायला दोन संध्याकाळ लागल्या. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला मी पुढे शेपटी म्हणेन. रिव्हेटचे डोके कानसीने घासून सपाट केले आणि पोलादाच्या बोथट खिळ्याने ते ठोकून बाहेर काढले. शेपटीवरचा गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण पांढरे पोलाद दिसेपर्यंत काढला. या सगळ्या वेळात पाते कापडाने आणि त्यावर चिकटपट्टीने गुंडाळून ठेवणे अनिवार्य आहे. काम मुठीचे असल्यामुळे लक्ष मुठीवर राहते आणि हात पात्यावर जातो.

शेपटीची जुनी छिद्रेच वापरायची होती, कारण कडक केलेल्या पोलादात घरगुती ड्रिलने नवीन छिद्र पडत नाही. ती ५ मिलिमीटरची होती, म्हणून त्याच जाडीची पितळी सळी मीटरभर घेतली आणि तिच्या खिळ्या कापल्या. आधी एका पट्टीवर शेपटी क्लॅम्पने घट्ट धरून तिच्या छिद्रांतूनच लाकडाला छिद्रे पाडली, त्यांत खिळ्या सैल बसवल्या आणि मग दुसरी पट्टी दुसऱ्या बाजूने तशीच केली. लाकडाखाली टाकाऊ फळी ठेवली नाही तर ड्रिल बाहेर पडताना छिद्राची कड उडते. आणखी एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती: पट्टीची पात्याकडची पुढची कड चिकटवण्यापूर्वीच गोल करून, ४०० नंबरपर्यंत घासून पूर्ण तयार करावी लागते. एकदा ती पात्यावर चिकटली की तिथे पॉलिश पेपर फिरवताना पात्यावर ओरखडे येणारच.

४ मे रोजी चारही सुऱ्या दोन नळ्यांच्या अराल्डाइट गोंदाने चिकटवल्या. खैराच्या दोन्ही मुठी आजही भक्कम आहेत. सागाच्या एका सुरीला १७ मे रोजी आकार देत असताना पुढच्या बाजूने बारीक फट दिसली, अंगठ्याने दाबल्यावर पट्टी सबंध सुटून आली, आणि शंका आल्यामुळे सागाची दुसरी सुरी तपासली तर तिचीही पट्टी सुटली. आठवडाभराचे काम हातात दोन तुकडे होऊन पडले होते. त्या दिवशी मी पुढे काहीच केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात नीट पाहिले तेव्हा सगळा गोंद पोलादावर राहिलेला होता आणि लाकडाची आतली बाजू गुळगुळीत, कोरडी, जणू गोंद लागलाच नाही अशी होती. म्हणजे दोष गोंदाचा किंवा पोलादाचा नव्हता, लाकडाच्या पृष्ठभागाचा होता.

सागात नैसर्गिक तेल असते. त्याच तेलामुळे साग पाण्याला टिकतो, आणि त्याच तेलामुळे गोंद धरत नाही. मी पट्ट्या २० एप्रिलला कापल्या आणि ४ मेला चिकटवल्या; मधल्या दोन आठवड्यांत आतले तेल कापलेल्या पृष्ठभागावर आले होते. शिवाय क्लॅम्प इतका आवळला होता की गोंदाचा बराच भाग कडेने बाहेर आला होता. २५ मे रोजी दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या बाजू ८० नंबरने पुन्हा घासल्या, करवतीच्या टोकाने आडवे-तिरपे उथळ चरे पाडले आणि स्वच्छ पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन पुसले. पहिले कापड पिवळसर तपकिरी झाले, दुसरे फिके, चौथे पांढरेच राहिले. दहा-पंधरा मिनिटे वाळू दिले आणि त्याच तासात गोंद लावला. क्लॅम्प फक्त कडेने गोंदाचे बारीक मणी दिसेपर्यंतच आवळले आणि पुढच्या कडेवर आलेला गोंद ओला असतानाच ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून घेतला. गोंद चोवीस तासांत कडक झाला तरी मी तीन दिवस हात लावला नाही. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून हे काम उघड्या गच्चीवर, गॅस आणि देवाच्या दिव्यापासून दूर करावे.

या दरम्यान ११ मे रोजी कोयतीसाठी गावी गेले होते. कोयतीची शेपटी लांब आणि निमुळती असते, तिला दोन पट्ट्या लागत नाहीत. ती एकाच भरीव मुठीत खुपसली जाते. हे काम लोहाराकडचेच आहे आणि ते घरी करावे असे मला अजूनही वाटत नाही. गावच्या लोहारकाकांनी खैराच्या ठोकळ्याला वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) ओबडधोबड गोलाई दिली, तोंडाशी पितळी कडे चढवले आणि शेपटीपेक्षा बारीक छिद्र पाडले. मग पात्याभोवती ओले गोणपाट गुंडाळून फक्त शेपटी भट्टीत लाल केली आणि छिद्रात दाबली. दाट धूर निघाला. दोन बोटे आत जाताच त्यांनी ती बाहेर काढली.

"एका दमात रेटलं की खैर फुटतो, ताई," ते म्हणाले. "जाळायचं, काढायचं, गार होऊ द्यायचं. त्याची वाट तो आपणच करून देतो."

असे तीनदा केले. शेवटी छिद्रात लाखेचा चुरा भरला, शेपटी पुन्हा तापवून बसवली आणि लाख थंड होईपर्यंत कोयती भिंतीला टेकवून ठेवली. ओल्या गोणपाटाचे कारण मी विचारले. पोलाद सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापले की त्यावर निळा रंग चढतो आणि धार धरण्याचा त्याचा कडकपणा कमी होतो. शेपटीला तो नसला तरी चालते, पात्याला नसून चालत नाही. काकांनी अंशांचा आकडा सांगितला नाही, रंग दाखवला. त्यांनी ३०० रुपये घेतले.

कोयती मी गावातच ठेवली. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारे येतात, मात्र घरगुती आणि शेतीकामासाठी घडवलेली त्यातून वगळलेली आहेत. तरीही नारळ सोलायला आणि झावळ्या तोडायला जिचा उपयोग गावात आहे, ती पुण्याच्या रस्त्याने गाडीतून नेण्याचे मला काही प्रयोजन दिसले नाही.

मुठींना आकार देणे हा या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग होता, त्यामुळे सांगण्यासारखे त्यात सर्वांत कमी आहे. जाड दातांची कानस, मग ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, हाच क्रम सगळीकडे सांगितला जातो आणि तो बरोबर आहे. खिळ्यांची टोके घासताना पितळ तापते आणि भोवतीचा गोंद मऊ पडतो, म्हणून दर काही घासण्यांनंतर बोट लावून पाहावे आणि चटका बसण्याआधी थांबावे. सागात वाळूत असते तशी सूक्ष्म सिलिका असते, ती कानसीची धार लवकर घालवते. धुळीचे मात्र गांभीर्य मला उशिरा कळले. पहिले दोन दिवस मी तोंडाला ओढणी बांधून काम केले आणि रात्रभर शिंका आणि डोळ्यांची आग सहन केली. एन-९५ मुखपट्टी आणि चष्मा वापरल्यावर तो त्रास थांबला. खैराची धूळ घामाच्या हातावर लालसर रंग सोडते. तो साबणाने दोन दिवस गेला नाही.

शेवटचा टप्पा तेलाचा. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ते लाकडात वाळून घट्ट होत नाही, चिकट राहते आणि खवट होते. जवसाचे कच्चे तेल हवेने हळूहळू घट्ट होते. पहिला हात १ जूनला दिला, वीस मिनिटांनी जादा तेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसले, दुसरा हात ८ तारखेला आणि तिसरा १५ तारखेला दिला. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि तिसरा हात कोरडा व्हायला बारा दिवस लागले. पुन्हा करायचे झाले तर मी हे काम एप्रिलमध्ये संपवेन. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मी त्या दोरीवर एकेरी पसरून वाळवल्या आणि पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात टाकल्या. २९ जूनला मधमाश्यांचे मेण कोमट करून चोळले.

सगळा खर्च, पेट्रोल सोडून, २,७३० रुपये झाला. त्यात सर्वांत मोठी रक्कम चार क्लॅम्पची, ६४० रुपये, आणि ते पुढेही उपयोगी पडतील. अराल्डाइट ३१०, पॉलिश पेपर २८०, ॲसिटोन १८०, पितळी सळी १५० रुपये. बाकीच्या रकमा वर आल्या आहेत किंवा किरकोळ आहेत.

३० जूनला, रविवारी, आईने आजीची सुरी हातात घेऊन भेंडी चिरली. अर्धी पाटी झाल्यावर तिने हात थांबवला आणि मूठ तळहाताशी किंचित जाड आहे, असे सांगितले. तिची बोटे आता पूर्वीसारखी मिटत नाहीत, हे मी आकार देताना लक्षात घेतले नव्हते. मी ती माझ्या मुठीच्या मापाने घासली होती. त्याच दुपारी पाते पुन्हा गुंडाळले, दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकेक मिलिमीटर उतरवला, दर काही घासण्यांनंतर सुरी तिच्या हातात देऊन पाहिली आणि ती "आता राहू दे" म्हणाली तिथे थांबले. त्या मुठीला तेलाचे तीनही हात पुन्हा द्यावे लागले. ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड पोलादाहून केसभर वर आलेले बोटाला जाणवत होते, ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सपाट झाले. सागाच्या ज्या दोन मुठी सुटल्या होत्या, त्यांच्या कडा मी अजूनही दर रविवारी भांडी आवरताना उजेडात धरून पाहते. अद्याप फट दिसलेली नाही.